शेजारच्या बंगल्याची चावी

आमच्या प्रताप नगरात एक बंगला कित्येक वर्षं रिकामा आहे आणि त्याचा सगळ्यात जास्त फायदा आम्हा शेजाऱ्यांना होतो. पोर्चमध्ये माझी गाडी उभी असते. गच्चीवर समोरच्या वहिनींच्या कुरडया वाळतात. मागच्या शेडमध्ये गणेश मंडळाचे बांबू आहेत आणि उन्हाळा संपला की दोन-तीन घरांचे कूलर तिथेच जातात. मालकाला यातलं काही विचारलेलं नाही. याला आम्ही घराकडे लक्ष ठेवणं म्हणतो.

मध्यंतरी याच पोर्चमध्ये, माझी गाडी जरा बाहेर काढून, कॉलनीची सभा भरली. विषय होता, रिकाम्या घरांत घुसून राहणाऱ्यांचं काय करायचं. घुसखोरी हा गुन्हा आहे अशी पाटी फाटकावर लावायची होती. गुन्हा असावा की नसावा यावर दुमत नव्हतं. पाटी लाल असावी की निळी यावर मात्र बरीच चर्चा झाली. "निळी नको," असं कोणीतरी हळूच म्हणालं आणि सगळे हसले.

आमचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेत. त्यांनी नेहमीचं उदाहरण काढलं. "काकांकडची चावी उडवून डुप्लिकेट केली होती त्या बाईनं, आठवते ना? आता तिनंच चौकात पोळी-भाजी केंद्र टाकलं. घरोघरी डबे पोहोचवून राहिली. आपल्यापैकी एकानंही डबा घ्यायचा नाही. बरोबर ना, काका?"

काका म्हणजे मी. एरवी मी मान हलवायचो. त्या दिवशी हलली नाही. का, ते सांगण्यासाठी मागे जावं लागेल.

बंगला आमच्या मास्तरांचा. ते गेल्यावर मुलगा अमेरिकेला परतताना माझ्या हातात चावी देऊन म्हणाला, "काका, रोज संध्याकाळी देवघरात दिवा तेवढा लावा. घर अंधारात नको." मी डोळ्यांत पाणी आणून हो म्हटलं. पहिले काही दिवस लावलाही. मग क्रिकेटचे सामने आले, मग माझा गुडघा आला.

आमच्याकडे पोळ्या करायला येणारी बाई तेव्हा खोली शोधत होती. सावनेरकडची. नवरा ई-रिक्षा चालवायचा. मनीषनगरातली त्यांची खोली पाडून तिथे फ्लॅट स्कीम होणार होती. भाडं द्यायची दोघांची तयारी होती. पण घरमालक आधी पूर्ण नाव विचारायचे आणि आडनाव ऐकलं की खोली नेमकी कालच कोणाला तरी दिलेली असायची. माझी वरची खोली मोकळी होती. पाहुण्यांना लागते म्हणून ती मी तिला दाखवली नाही. कोणते पाहुणे, ते विचारू नका.

त्याऐवजी मी शेजारच्या बंगल्याची चावी दिली. "खोली मिळेपर्यंत मागच्या खोलीत राहा. फक्त रोज देवघरात दिवा लावायचा."

"आमच्यात देव नाही ठेवत, काका," ती म्हणाली. "पण शब्द दिला तं दिवा लागंल."

लागला. रोज लागला. मास्तरांच्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला की मी फोन खिडकीशी नेऊन आतला उजेड दाखवायचो. "काका, तुम्ही आहात म्हणून," तो म्हणायचा. मी नम्रपणे हसायचो.

एका सकाळी गच्चीवर साड्या वाळताना अध्यक्षांना दिसल्या. त्या गच्चीवर कुरडया चालतात, साड्या चालत नाहीत. बघता बघता गल्ली जमली. "देवघरापर्यंत गेले हो हे लोक!" असं एक जण म्हणाला, आणि 'हे लोक' कोण ते कोणालाच विचारावं लागलं नाही. पोलीस आला. त्यानं कुलूप हातात घेऊन पाहिलं.

"कुलूप तर शाबूत आहे. चावी कोणापाशी राहते?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"माझ्याकडे," मी म्हणालो. "यांनी डुप्लिकेट करून घेतली असेल."

पुरावा कोणी मागितला नाही. केस करत नाही, हा उपकार समजा, असं सांगून पोलिसानं त्यांना सामान काढायला लावलं. भांडी आणि गाद्या ई-रिक्षात गेल्या. कॉलनीतल्या सगळ्या घरांनी तिचं काम बंद केलं. पहिलं मी केलं. लोकांना शंका यायला नको.

तर त्या सभेत मी उठलो. तिच्या पोटावर दुसऱ्यांदा पाय द्यायचा, आणि तोही माझ्या साक्षीनं, हे मला गिळवेना. म्हणालो, "चावी तिनं उडवली नव्हती. मी दिली होती. मला दिवा लावायचा कंटाळा होता."

अध्यक्षांनी उठून माझे खांदे धरले. "पाहा, याले म्हणतात जुनी माणसं! तिचा धंदा बुडू नये म्हणून सगळं स्वतःवर घेऊन राहिले." टाळ्या पडल्या. मी पुन्हा सांगितलं तेव्हा टाळ्या वाढल्या. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा समोरच्या वहिनींनी पाणी आणून दिलं आणि बीपीची गोळी घेतली का, असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या केंद्रावर गेलो. ती तव्यासमोर होती. घडलं ते सांगितलं. लाटणं न थांबवता ती हसली.

"खोटं बोलले तं एका दमात पटलं. खरं बोलले तं गोळी घ्या!"

"तू तेव्हा बोलली का नाहीस?"

"मले वाटलं, पुढच्या वाक्यात सांगान तुम्ही. मी वाट पाहून राहिली होती." तिनं पोळी उलटली. "सामान भरेस्तोवर पाहिली."

तिनं पुढे विचारलं, "वरच्या खोलीत पाहुणे आले का मंग?"

"नाही."

"अजून रस्त्यातच असतीन."

मग म्हणाली, "सभेत नका बोलत जाऊ, काका. सभेत लोक टाळ्या वाजवतात. डबा लावा. अन् न्यायला स्वतः या, दिवसाउजेडी. सूट नाही भेटणार."

तेव्हापासून रोज दुपारी मी डबा पिशवीत न घालता, हातात धरून, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणतो. गाडी पोर्चमधून काढली, ती आता रस्त्यावर उन्हात तापते. फाटकावर लाल पाटी लागली आहे. तिच्यामागे बांबू आणि कूलर सुखरूप आहेत. मास्तरांच्या मुलालाही फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणूनच तेव्हा दिवा रोज दिसायचा." मग त्यानं विचारलं, "त्यांचा कब्जाबिब्जाचा दावा तर नाही ना होणार, काका?"

गल्लीत कोणी ना कोणी टोमणा मारतंच. "काका, चाव्या मोजल्या का घरी?" मी थांबतो आणि पहिल्यापासून सांगतो. दिवा, गुडघा, वरची खोली, सगळं. हल्ली लोक मला पाहून रस्ता बदलतात. म्हणजे थोडंफार पटायला लागलं असावं.

काल समोरच्या वहिनींनी फाटकाआडून हळूच विचारलं, "काका, भाजी कशी असते हो तिची?"

मी आधी चावीचं सांगितलं. मग भाजीचं.