दाराबाहेरचे बूट

नव्या देशात येऊन आम्हाला तीन महिने झाले, तेव्हा सुनेने ठरवलं की दर शनिवारी सगळ्यांनी आराम करायचा. आरामाची यादीच केली तिने. एका शनिवारी तळं, दुसऱ्या शनिवारी टेकडी, मग समुद्र. पहाटे पाचला उठून डबे भरायचे, गाडीत कोंबून बसायचं आणि तिथे पोचलं की "आई, अशा ताठ काय बसलात? रिलॅक्स व्हा ना!" म्हणून ती माझ्या मागे. रविवारी अख्खं घर कंबर धरून पडलेलं. एवढा आराम या वयात मला झेपेना.

मग मी माझ्यापुरत्या जागा शोधायला लागले. मुलगा-सून कामावर गेले की मी रस्त्याला. एक दुकान नुसतं किल्ल्यांचं, एक नुसतं दिव्यांचं. एक घड्याळांचं, पण प्रत्येक घड्याळात वेळ निराळी. तिथून निघताना मला उशीर झालाय की मी लवकर निघालेय तेच कळेना. आणि वळणावर गालिच्यांचं दुकान. काचेतून आत जाड तांबडा गालिचा दिसला, खिडकीशी आरामखुर्ची. असल्या गालिच्यावर बूट घालून कोण जाईल? मी बूट दाराबाहेर काढले, भिंतीशी नीट लावले आणि आत जाऊन खुर्चीत बसले.

दुकानात एकच गृहस्थ. साठीला आलेले, गळ्यात मोजपट्टी, अंगाला लोकरीचा आणि डांबरगोळ्यांचा वास. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, आता हाकलतात. तर त्यांनी काउंटरमागून हळूच आपला एक पाय बाहेर काढून दाखवला. नुसता मोजा! दुकानात चकचकीत बूट घालायचे असा मालकीणबाईंचा नियम, आणि हे दिवसभर बूट काउंटरखाली ठेवून मोज्यांवर उभे.

तिथून आमचं जमलं. त्यांची भाषा मला तोडकीमोडकी येते, उरलेलं हातवाऱ्यांनी भागतं. एकदा सून मला शोधत आली, ती "आई, आई" करत. त्यांना वाटलं, हे माझं नावच. तेव्हापासून तेही आई म्हणतात. मी म्हटलं, म्हणा बापडे.

लहानपणी त्यांच्या घरी माग होता. डोळे मिटून नुसता पाय ठेवला की सांगायचे म्हणे, हा आईने विणलेला, हा मावशीने. एवढं कळणारा माणूस, पण विकण्याच्या नावाने शंख. गिऱ्हाईक आलं की गालिचा उलटा करायचे. "पुढून सगळेच गोड दिसतात, पाठ बघा." आणि पाठ बघून स्वतःच म्हणायचे, "हा नका घेऊ. दोन वर्षांत लोकर गळेल." गिऱ्हाईक आभार मानून चालतं व्हायचं.

एका दुपारी गेले तर चेहरा पडलेला.

"काय झालं?"

"मालकीणबाईंचा निरोप आला. महिनाअखेर हा गालिच्यांचा ढीग अर्ध्यावर आला नाही, तर दुकान दिवेवाल्यांना. मी गोदामात."

"पगार तोच ना?"

"तोच. पण आई, तिथे सगळे गालिचे गुंडाळून, प्लॅस्टिक घालून उभे. उघडा एकही नाही. मी दिवसभर काय बघू, नळकांडी?"

"मग थोडं खोटं बोला."

"करून पाहिलं. उचकी लागते."

तेवढ्यात एक जोडपं दाराशी आलं. बाईने माझे बूट पाहिले, नवऱ्याला कोपर मारलं. त्यांना वाटलं, इथली हीच पद्धत. दोघांनी बूट काढले, आत आले आणि तांबड्या गालिच्यावर पाय पडताच नवरा जो थांबला तो हलेचना. "अगं, उभी राहून बघ!" गालिचेवाले पाठ दाखवायला धावले, तर तो म्हणाला, "मी यावरून उतरलो तर ना!" गालिचा गेला.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या दिवशी मी पिशवीतून मुलाचे जुने बूट नेले, सुनेच्या सपाता नेल्या आणि दाराबाहेर मांडून ठेवल्या. चार जोड दिसले की पाचवा आपोआप निघतो. लोक यायचे, बोटं हलवायचे, खाली बसायचे, आणि बसलेला माणूस रिकाम्या हाताने उठत नाही. ढीग उतरायला लागला. घरी मात्र सून पलंगाखाली वाकून वाकून बघत होती. "आई, या घरातले बूट जातात कुठे?" मी आपली टीव्ही बघतेय.

महिन्याचा शेवटचा दिवस. ढीग अर्ध्यावर यायला एकच गालिचा कमी आणि सकाळपासून चिटपाखरू नाही. मी घरातले होते नव्हते ते आठ जोड मांडले. आल्या त्या नेमक्या मालकीणबाई. उंच टाचा, हातात फाइल. दारातली रांग बघून हसतच आत शिरल्या. आत आम्ही दोघं.

"माणसं कुठायत?"

गालिचेवाल्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना उचकी लागली.

मग मीच म्हटलं, "माणसं येतील हो. तुम्ही आधी ते बूट काढा. पाय बघा कसे सुजलेत."

बाईंनी वाकून आपल्या पायांकडे पाहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, एक टाच काढली, दुसरी काढली. मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. निळ्या गालिच्यावर उभ्या राहिल्या आणि खांदे असे खाली आले की फाइल हातातून सुटली. ती न उचलताच म्हणाल्या, "हा माझ्या घरी पाठवा."

"हा नको," गालिचेवाले म्हणाले. "याचा रंग उडेल."

"अहो, निदान मालकिणीला तरी विका!"

"विकतो ना. तो करडा घ्या. पाठ बघा."

बाईंनी खरंच वाकून पाठ पाहिली आणि करडा घेतला. ढीग अर्ध्यावर आला. जाताना आपले बूट हातात धरून त्या गाडीपर्यंत मोज्यांवर गेल्या.

आता दाराशी लाकडी मांडणी आहे, बुटांसाठी. गालिचेवाले उघडपणे मोज्यांवर फिरतात. खिडकीशी दुसरी खुर्ची आली आहे. शनिवारी तिच्यात माझी सून असते, तोंड उघडं टाकून झोपलेली. आमचे सगळे जोड घरी परत आले, एक सोडून. मुलाचे जुने बूट कुणीतरी घालून गेलं आणि आपले नवे कोरे ठेवून गेलं. मुलाला ते अगदी मापात बसतात. तो विचारतो, कुठून आणलेस? मी टीव्ही बघते.