नलूआत्या सकाळीच गेली

आमची नलूआत्या दोनदा गेली. गेल्या महिन्यात गेली ती खरीच, ते अजून लिहवत नाय. ही पहिल्या वेळची गोष्ट, ती स्वतःच सांगून सांगून हसायची.

घरातून निघताना आत्या कधी 'जाते' बोलायची नाय, 'येते' बोलायची. त्या दिवशीपण शेजारच्या दर्शनाला "येते गो" बोलली आणि शीव कोळीवाड्याला निघाली, सुके बोंबील आणायला. फोन घरीच, चार्जिंगला. थोड्या वेळाने चाळीच्या ग्रुपवर कोणीतरी विचारलं, आत्या कुठाय? दर्शना ऑफिसच्या घाईत. तिने टाकलं, 'नलूआत्या सकाळीच गेली.' आणि फोन सायलेंटवर.

झालं. भावपूर्ण श्रद्धांजलीची रांगच लागली. समोरच्या राहुलने तर आत्याच्या फोटोला हार घातला, मोबाईलमधेच. खोलीला बाहेरून कुलूप. मेलेली बाई बाहेरून कुलूप कसं लावेल, हे लालबागच्या अख्ख्या चाळीत एकाच्या डोक्यात येईल तर शपथ. "इस्पितळात नेली असेल," अंबिकाकाकू बोलल्या, सगळ्यांना पटलं. कोणी नेली, कुठे नेली, कोण विचारतो?

दुपारी आत्या पिशवी घेऊन जिना चढली तर गॅलरीत खुर्च्या मांडलेल्या, सगळे तोंडं पाडून. तिला वाटलं, कोण बिचारं गेलं? तीपण डोक्यावर पदर घेऊन अंबिकाकाकूंच्या बाजूला बसली.

"कोण गेलं गो?"

"आपली नलू," काकू नाक पुसत बोलल्या. मग वळून बघितलं, आणि अशी किंकाळी मारली की खालचा वाणी वर धावत आला.

आत्या हसत सुटली. हसता हसता मधेच थांबली.

"राहुल, अण्णाला कळवलंस?"

अण्णा म्हणजे तिचे मोठे भाऊ. गिरगावात एकटे, हार्टचं ऑपरेशन झालेले.

"सगळ्यांना फॉरवर्ड केलं ना आत्या."

"मेल्या, अक्कलपण चार्जिंगला लावलीस काय?"

अण्णांचा फोन वाजतोय, उचलत नायत. त्यात राहुल बोलतो, "आत्या, जरा हस, फोटो टाकतो, जिवंत म्हणून." तिने बोंबलांची पिशवीच हाणली त्याला.

तीच पिशवी घेऊन टॅक्सीत बसली, एरवी बसशिवाय न जाणारी बाई. ड्रायव्हर वासाने काचा खाली करतोय, आणि ही मागे देवाला सांगतेय, काय हवं ते घे, पण माझ्या अण्णाला ठेव.

दार उघडंच होतं. अण्णा बशीत ओतून चहा पितायत.

"आलीस? बस."

"मेसेज नाय वाचलास?"

"वाचला. दर्शनाच्या ऑफिसात फोन लावला. विचारलं, तू बघितलीस काय मेलेली? बोलली, अय्या, आत्या बोंबील आणायला गेलीय. मग चहा ठेवला."

"मग चाळीत का नाय सांगितलंस?"

"म्हटलं बघू तरी, कोण कोण रडतंय तुझ्यासाठी. दर्शनालापण बोललो, एवढ्यात सांगू नको."

"आणि माझा फोन का नाय उचललास?"

"सकाळपासून सांत्वनाचेच येतायत. कंटाळलो."

आत्याचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच डोकं फिरलं.

"म्हणजे तू रडलास पण नाय?"

"कशाला रडू? जिवंत होतीस."

"ते कळायच्या आधी! थोडं तरी!"

"खरी जाशील तेव्हा रडेन गो."

"तेव्हा मला काय दिसणार हाय?" आत्या बोलली, आणि त्यांच्या पुढची बशी ओढून उरलेला चहा पिऊन टाकला.