आईची तलंग

पारोळ्याच्या स्टँडवर धुळ्याची गाडी लागली आणि आईनं माझ्या हातात वायरची पिशवी दिली. मला वाटलं, भाकरी असतील. तेवढ्यात पिशवीतून एक मुंडकं वर आलं आणि माझ्याकडे रागानं बघायला लागलं. अजून अंड्यावर न आलेली कोंबडी होती ती, आमच्याकडे तिला तलंग म्हणतात. धुळ्यातल्या देवपूरच्या कॉलेजच्या ऑफिसात मी नुकताच कायम झालो होतो, दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या, आणि वडील गेल्यापासून गावात एकटी राहणाऱ्या आईला न्यायला आलो होतो. ती म्हणाली, "पहिले हिले लई जाय. हाई तठे रमनी का मी येसू."

म्हणजे आईचं येणं एका कोंबडीवर ठरलं. गावातले बाकीचे कुणी सुरतेला गेले, कुणी पुण्याला. त्यांच्या आया नुसतं 'पुढल्या वर्षी बघू' म्हणाल्या. माझ्या आईनं परीक्षा लावली, आणि पेपर कोंबडीनं लिहायचा होता. कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट फाडलं आणि भर गाडीत मला विचारलं, "खिडकी हिला देऊ का तुम्हाला?"

नव्या कोंबडीला चुलीभोवती पाच वेळा फिरवायचं, मग ती घर सोडत नाही, असं आईनं बजावलं होतं. माझ्याकडे चूल कुठली? वातीचा स्टोव्ह होता, तोही भिंतीला टेकून. तो खोलीच्या मधोमध ओढला आणि एक सरकारमान्य कनिष्ठ लिपिक कोंबडी छातीशी धरून त्याच्याभोवती फिरला. तिसऱ्या फेरीला घरमालकीण अक्का दारात उभ्या होत्या. उरलेल्या दोन फेऱ्या त्यांनी मोजून दिल्या, हे त्यांचे उपकार.

अक्कांच्या मागच्या अंगणात सहा कोंबड्या आणि एक कोंबडा होता. मी तलंगेला सरळ त्यांच्यात सोडलं. पाच मिनिटांत तिचा तुरा रक्तबंबाळ झाला आणि ती संडासाच्या पत्र्यावर जाऊन बसली. मी शिडी लावून तिला उतरवलं, हळद लावली, पुन्हा सोडलं, ती पुन्हा पत्र्यावर. त्या सहाजणींनी चार दाणेसुद्धा तिला सुखानं टिपू दिले नाहीत. अक्का म्हणाल्या, "असं एकदम सोडतात का भाऊ? आठ दिवस डालग्याखाली ठेव तिला. जाळीतून एकमेकींची तोंडं बघू दे, मग दिवस मावळताना खुराड्यात सरकव."

मग बांबूचं डालगं आणलं. ऑफिसात निघण्यापूर्वी डालगं सावलीत, दुपारी जेवायला आलो की डालगं दुसऱ्या सावलीत. खुराड्यात सरकवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सी.एल. टाकली आणि कारण लिहिलं 'घरगुती'. दिवसभर हातात काठी घेऊन अंगणात बसलो. गावाहून दर आठवड्याला कार्ड यायचं, शेजारच्या मुलीकडून लिहून घेतलेलं. त्यात एकच ओळ असायची, तलंग रमली का. मी जेवतो का, मला करमतं का, हे विचारायला कार्डावर जागा पुरत नसावी.

दोन महिने हे चाललं. एकदाची ती खाली उतरली, त्यांच्यात खाऊ लागली, अंड्यावर आली. पुढे अक्कांनी नवी तलंग आणली, तर तिच्या अंगावर सगळ्यांच्या आधी आमचीच धावून गेली. मला इतका आनंद झाला की मी रविवारीच गाव गाठलं, आईच्या लुगड्यांसाठी रिकामी पेटी घेऊन.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ती आते दुसऱ्यासले टोचस का?"

"टोचते म्हणजे काय! नवीला जवळ येऊ देत नाही," मी मोठ्या अभिमानानं सांगितलं.

"मंग ती तठलीच व्हयनी," आई म्हणाली. सुपातली ज्वारी पाखडायला घेतली. "पन मी आते या उमरमा कोनले टोचू?"

कोंबडी तिथलीच झाली, पण या वयात मी कुणाला टोचू, म्हणे! मी खूप बोललो. रजा, हळद, स्टोव्ह, सगळं काढलं. एवढं करून यायचंच नव्हतं तर आधी सांगायचं होतं, असं चिडून म्हणालो आणि रिकामी पेटी घेऊन परतीच्या गाडीत बसलो. पारोळा मागे पडल्यावर राग जरा उतरला आणि मला आदल्या दिवसाचा, शनिवारचा, साक्रीकडून आलेला आमच्या ऑफिसातला नवा कारकून आठवला. "बठ्ठा कागद आठे शेतस," म्हणजे सगळे कागद इथंच आहेत, असं तो साहेबांना म्हणाला होता. वर्षापूर्वी अशाच गावाकडच्या बोलण्याला सगळं ऑफिस मला हसलं होतं, आणि मी आठ दिवस डबा एकट्यानं खाल्ला होता. या वेळी पहिला हसलो तो मी.

आई शेवटपर्यंत देवपूरला आली नाही. त्याचा मला अजून राग येतो. कुणी घर कुठं विचारलं की मी देवपूर सांगतो, आणि ते खोटं नाही. ते माझं कोणत्या शनिवारी झालं, हे मला पक्कं माहीत आहे. आईला मात्र ते कधी सांगता आलं नाही.