बापूंच्या रंगांची नावं

आमच्या मालकांचं पेपरात आलं हुतं. फोटोसकट. रंगीत पेन्शिलीचे चित्रकार, माजी सैनिक, मानदेशाचं भूषन, आनि काय काय. लिवलेलं समदं खरं हाय, मी न्हाई म्हनत न्हाई. पर ते अर्धंच हाय. ऱ्हायलेलं अर्धं मी सांगते. माज्याबिगर ते सांगनार तरी कोन?

मालकांचं नाव केरबा, गाव त्यास्नी बापू म्हनतं. म्हसवडच्या अलीकडं आमचं गाव. वीस वरसं तोफखान्यात काढली त्यांनी. तितं नकाशावर लाल-निळ्या पेन्शिलीनं खुना करायचं काम त्यांच्याकडं हुतं. बाकीचं गडी पेन्शनीवर येताना रेडिओ आनलं, ब्लांकिटं आनली, कॅन्टीनचा माल आनला. आमचा गडी आला त्यो पेन्शिलींचं अर्धंमुर्धं तुकडं घेऊन! मी पेटी उघडली आन् कपाळावर हात मारून घेतला.

मग फलटनच्या बाजूला साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन लागले. उसाच्या गाड्या आत सोडायच्या आन् मधल्या येळेत वहीच्या मागच्या पानावर ट्रॅक्टरवाल्यांची तोंडं काढायची. एका डायवरनं असलंच एक पान घरी न्हेलं, तर त्याच्या आयनं ते काच लावून भितीवर टांगलं. झालं! तिथनं जे येड लागलं ते लागलंच. नोकरी सुटली, येड सुटलं न्हाई.

आमच्याकडं घरटी एक मानूस फौजेत. कुनी हाय, कुनी रिटायर झालाय, कुनी परत आलाच न्हाई. बाया फोटो घेऊन यायच्या. कवा आधार कार्डावरचा, कवा चाळीस जनांच्या फोटोतला करंगळीच्या नखाएवढा चेहरा. “बापू, एवढं मोठं करून द्या.” कॉम्प्युटरवर मोठं केलं की तोंड धुरकट हुतंय. मालक मातर एकेक केस काढायचे. ह्या पेन्शिलीचं काम लय चिवट असतं बगा. आधी फिका थर, त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. एका गालाला दोन-दोन दिस. आन् खोडायची सोय न्हाई.

माजं काम पेन्शिली तासायचं. ब्लेडनं, चांगलं लांब टोक काढून. शार्पनरनं आतलं शिसं मोडतं म्हनून हे लचांड माज्या गळ्यात आलं. पेन्शिलीवर नाव इंग्रजीत, आन् माजी शाळा चौथीपातूर. मग मी माजीच नावं ठेवली. मातकट ती हुलगा. शेवाळ. कच्ची हळद. जांभूळ. गाभुळलेली चिंच. मालक आधी लय हसले. महिन्याभरात स्वताच म्हनाय लागले, “चंद्रे, हुलगा दे.” सांगलीच्या ज्या दुकानातनं आमी माल आनतो त्या धन्यकुमारभाऊंना बी नावं पाठ झाली. फोनवर सांगायचं, “भाऊ, दोन हुलगं आन् एक शेवाळ,” की नेमक्या त्याच पेन्शिली बांधून ठेवायचे.

तर चार वरसामागची गोष्ट. खालच्या वाडीचे अर्जुनाभावजी वारले. ते बी फौजेतलेच. त्यांची बायको लीलाबाई फोटो घेऊन आली. मालकांनी बारा दिस बसून चित्र केलं आन् मला दावलं. मी बघतच ऱ्हायले. नाक, डोळं, मिशा, समदं हुबेहूब. पर गालावर, कपाळाखाली, मानंवर जांभळा-निळा रंग! मी म्हनलं, “आवं, मानूस हिरीत बुडून तीन दिसानं वर आल्यावानी दिसतोय की.”

मालक असं काय भडकले! “तुला रंगातलं काय कळतंय? तास गप पेन्शिली.”

मला ते लय लागलं. खोटं कशाला सांगू? पंचवीस वरसं त्यांच्या हातात रंग मी देते, आन् मलाच काय कळत न्हाई? मी पुढची पेन्शील तासाय घेतली. लीलाबाई आली, चित्र बघितलं. पदरात गुंडाळून घेऊन गेली.

दोन महिन्यांनी तिच्या नातवाच्या बारशाला गेले. भितीवर चित्र न्हवतं. आतल्या खोलीत लुगडं नीट कराया गेले तर पत्र्याच्या पेटीमागं ठेवलेलं दिसलं. तोंड भितीकडं करून. माज्या मालकांनी बारा दिस पाठ मोडून केलेलं काम! तितंच खाली बसले मी. बारशाच्या घुगऱ्या तशाच पदरात बांधून घरी आले.

त्यांचं डोळं गेल्यात हे माज्या ध्यानात आलंच हुतं. दवाखान्याचं नाव काढलं की म्हनायचे, “फौजेत माजी नजर एक नंबर हुती.” आवं हुती, हुती! आता चहा बशीत वतता का चटईवर, तेवढं तरी दिसतंय का? पर सांगनार कोन? अभिमानाचं गाठोडं नुसतं.

मग पुढच्या चित्राला मी ठरवलं. मालक म्हनले, “जांभूळ दे.” मी चिंच दिली.

त्यांनी निरखून बघितली. पर दोनी त्यास्नी काळपटच दिसत असनार. रंग भरला. चेहरा असा झकास तपकिरी उन्हातला आला, फौजेतला गडी नुकताच सुट्टीवर आल्यासारखा. त्यो घेऊन जाताना त्या गड्याची आय रडली आन् हसली बी. मी चुलीकडं तोंड फिरवलं.

तिथनं माजी चोरी सुरू झाली. निळी मागितली की हुलगा. जांभूळ मागितलं की चिंच. कवा-कवा तर त्यांनी मागायच्या आधीच मी ठरवून ठेवायची की आज कानामागं कच्ची हळद घालायची. आन् खरं सांगू? मला त्यात गोडी लागली. सकाळी उठल्यावर भाकरीच्या आधी कुनाच्या तरी गालाचा रंग डोक्यात यायचा. साठीला आलेली बाई मी, आन् असलं भलतंच!

तीन वरसं हे चाललं. बापूंचा हात उतारवयात लय खुलला, असं लोक म्हनाय लागले. साताऱ्याला माजी सैनिकांच्या मेळाव्यात शाल-नारळ दिला. पेपरात आलं ते तवाच. मालक माईकवर उभं ऱ्हाऊन म्हनले, “हात कुनाचाबी तयार हुतो, रंगाची नजर मातर जलमाची असावी लागती.” समदी टाळ्या वाजवाय लागली. मी बी वाजवल्या. राग आला हुता, पर शाल अंगावर घेऊन ते एवढे फुलून, खूश दिसत हुते, की मलाच माजी लाज वाटली.

गेल्या दिवाळीनंतर मातर मालक अंगनातल्या शेळीवर पाय पडून पडले. आमची सून संयोगिता नर्सबाई हाय. तिनं सासऱ्याचं काय बी ऐकून न घेता मिरजंला न्हेलं. मोतीबिंदू पार पिकलेला. डॉक्टरीनबाई म्हनल्या, “आजोबा, तुम्हाला सगळं पिवळट दिसत होतं. म्हणून निळा-जांभळा रंग जास्त लागत असणार. आता ऑपरेशन झालं की बघा, रंग कसे लख्ख दिसतील.”

मालक हसले. मानसाची नजर यावी म्हनून देवाला हात जोडायचे, का येऊ नये म्हनून? आता हे घरी जाऊन चित्रं बघनार. कळनार, की जेच्यापाई शाल मिळाली त्यो रंग आपला न्हवताच. आन् ह्या मानसानं पेन्शील खाली ठेवली तर? त्याच्याबिगर त्यास्नी येतंय काय? चार दिसात वाळून जातील. दोनी डोळं झाले, महिना गेला, आन् त्यो सबंध महिना माजा असा जीव टांगनीला.

काळा चष्मा उतरला त्या दिवशी सकाळी मालक पाटापुढं बसले. अर्धं ऱ्हायलेलं चित्र हुतं. बराच येळ बघितलं. मग पेन्शिलींचा डबा उघडला, दोन पेन्शिली काढल्या आन् शेजारी-शेजारी ठेवल्या. जांभूळ वीतभर, दुकानातनं आनली तवा हुती तेवढीच. चिंच नखाएवढी.

“तीन वरसं झाली, मी जांभूळ मागतुया,” ते म्हनले. “ही झिजली कशी न्हाई, चंद्रे?”

मेले! समदं झाकलं हुतं, पेन्शिलीची लांबी कुनाच्या ध्यानात? मग मी बी भडकलेच. चोर पकडला की त्योच आधी वरडतो, तशी. “न्हाई दिली! चिंच दिली! तीन वरसं तेच केलं, काय करायचं ते करा! आन् का केलं ते बघायचं असंल तर खालच्या वाडीला जा. लीलाबाईच्या पेटीमागं बगा, तुमी केलेला अर्जुना कसा तोंड लपवून बसलाय!”

दोन दिस पेन्शिलीला हात लावला न्हाई. डबा बंद. ताटातली भाकरी बी तशीच. मी भांडी आपटली, रडले, पुन्ना आपटली. तिसऱ्या दिशी सकाळी कुटं गेले ठावं न्हाई. दुपारी आले ते काखेत अर्जुनाभावजींचं चित्र घेऊन. काच काढली, भितीला टेकवलं आन् समोर मांडी घालून बसले.

“आगं,” ते म्हनले, “जिता काढाय घेतला आन् मेलेला काढला की गं मी.”

मला वाटलं, आता म्हनावं तुमचं डोळंच न्हवते, तुमची काय चूक. पर माजं तोंड कुटं ऐकतंय? “मी तवाच म्हनलं हुतं,” मी म्हनलं.

“व्हय. म्हनली हुतीस.” मग डबा माज्याकडं सरकवला. “आता बोल. काय लावू?”

अशी गंमत हाय, तीन वरसं चोरून देताना मला समदं कळत हुतं, आन् आता समोर इचारल्यावर मी तीनदा पेन्शील उचलली आन् तीनदा ठेवली. कागदाला बी थर सोसायची हद असते. त्याच्यापुढं पेन्शील नुसती घसरती. एकच डाव हुता. मी चिंच दिली, हलक्या हातानं लावा म्हनलं. वर कच्ची हळद. ते म्हनले हळद नगं, हुलगा. मी म्हनलं, मानूस हिवाळ्यात उन्हाला बसलेला हाय, हुलगा कसला घालता? भांडन! शेजारची बाई बघाया आली, काय झालं म्हनून. चार दिस आमी भांडत-भांडत अर्जुनाभावजींच्या गालावरचा निळा रंग झाकला. हळद माजीच लागली. पर मानंखाली हुलगा त्यांचा बरोबर हुता, ते बी सांगते.

लीलाबाईला बलवलं. ती दाराशीच थांबली. मग जवळ आली, हात पदराला पुसला, गालापातूर न्हेला आन् लावला न्हाई. शेवटी डोळं टिपून म्हनली, “बापू, आता आले बगा आमचे ते घरी. एवढं ओठ मातर जरा लाल करा की. लाल चांगलं दिसतंय.”

मालकांनी लाल पेन्शील हातात घेतली, पर कागदाला लावली न्हाई.

“मला नगा इचारू, लीलाबाई,” ते म्हनले. “निळा केला हुता त्यो मी. मानसांत आनला त्यो हिनं. गेली तीन वरसं ह्या घरातनं जेवढी तोंडं भाईर गेली, त्यांचा रंग हिचा हाय. रंगाचं हिला इचारायचं.”

दोघंबी माज्याकडं बघाय लागली. वाटलं, आत पळावं आन् पोटभर रडून घ्यावं. पर मी रडत बसले असते तर हिकडं ओठ लाल झाले असते.

“न्हाई,” मी म्हनलं. “अर्जुनाभावजी कवा पान खात न्हवते. ओठ हैत तसंच ऱ्हानार.”

मालकांनी लाल पेन्शील डब्यात ठेवली आन् झाकन लावलं.