नानांच्या खड्ड्याची माती

धुळ्यात आमच्या गल्लीतले नळ जमिनीवर नव्हते, खड्ड्यात होते. पाण्याला जोर नसायचा. वर बसवलेल्या नळातून नुसती हवा सुसायची, म्हणून लोक ओट्यापुढे खड्डा खणून नळ खाली नेत. ज्याचा खड्डा खोल त्याला पाणी. आमच्या आणि शेजारच्या नानांच्या घराला मिळून एकच जुनी लोखंडी लाइन होती. मी वीतभर खणलं की नाना हातभर खणायचे. शेवटी त्यांच्या खड्ड्याला पायऱ्या झाल्या आणि माझा नळ कोरडा पडला. मग हंडा घेऊन त्यांच्याच दारात उभं राहायचं. त्यांचं सगळं भरून, म्हैस धुऊन झाली की आमची पाळी.

तेही मी सोसलं असतं. पण माझ्या धाकट्या मुलीला बघायला यावलची माणसं आली. केळीचा मळा, मुलगा एकुलता. ऐनवेळी माठ रिकामा, म्हणून मोठीला कळशी देऊन नानांकडे पाठवलं. नाना ओट्यावरून, पाहुण्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "घरमा पानी नहीं, आनि पाव्हना बलावतस!" आणि हसले. पाहुण्यांनी चहा घेतला, कळवतो म्हणाले, कळवलं नाही. धाकटी पुढे साक्रीकडच्या एका कोरडवाहू गावात दिली. तिथे ती उन्हाळाभर विहिरीवरून पाणी वाहायची. माझ्या पोरीच्या डोक्यावर तो हंडा नानांनी ठेवला, असं मी तेव्हा म्हणत होते आणि आजही म्हणते.

काही वर्षांनी नगरपालिकेने गल्लीतल्या जुन्या लाइनी बदलायला काढल्या. आमचा पाइप उकरला तर हाताने त्याचे तुकडे पडत होते. आत गंज इतका की पेन्सिल जेमतेम जाईल. नळवाला दारोदार सांगत फिरला, "आता घराघराला वेगळी लाइन. नव्या टाकीचं पाणी आहे, जोरात येईल. नळ कमरेएवढा वर घ्या, खड्डे बुजवून टाका."

तो गेला तसे नाना माझ्याकडे आले. नगरपालिकेच्या शब्दावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता.

"अक्का, तू खड्डा बुजी टाकशी का?"

"मी बुजसू," मी म्हटलं. "पन तुम्ही नका बुजू, नाना. बठ्ठासना बुजाई गयात का खाले एक तुमनाच ऱ्हाई. मंग पानी दुसरं कोठे जाई?"

बाकी सगळ्यांचे खड्डे बुजले की खाली एकट्याचाच नळ उरेल, हे ऐकून नानांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. "तुले अक्कल शे बरं का, अक्का."

"तुमना शेजार शे ना," मी म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मजूर लावून खड्डा आणखी खाली नेला. निघालेली माती मी मागून घेतली. नाना म्हणाले, "ले, ले, बठ्ठी ले." त्यांच्या मातीने मी माझा खड्डा भरला, चोपून घट्ट केला, वर शेणाने सारवलं आणि नवी तोटी लावून नळ वर बसवला.

नव्या लाइनीचं पहिलं पाणी आलं तेव्हा धारेच्या जोराने माझी बादली हातातून निसटता निसटता राहिली. नानांच्या पाइपाला तर तोटीच नव्हती. जुन्या दिवसांत कोणी तोटी लावत नसे; येईल तेवढं भरायचं, बंद कशाला करायचं? त्यांचा दुसरा हंडा भरायच्या आत खड्डा भरला आणि पाइपाचं तोंड पाण्याखाली गेलं. नाना धोतर खोचून उतरले. छातीभर पाण्यात उभं राहून पाइपात चिंधी कोंबत होते, आणि पाणी ती बाहेर फेकत होतं. अख्खी गल्ली जमली. कोणीतरी ओरडलं, "नाना, आते तापीवर जावानी गरजच नहीं ऱ्हायनी!" सगळ्यात मोठ्याने मी हसले. नानांना ऐकू जाईल असं हसले.

दुपारपर्यंत पाणी मुरून त्यांचा ओटा खड्ड्यात खचला. त्याखाली नवी लाइन मोडली. नळवाल्याने रस्त्यातूनच त्यांचं पाणी बंद केलं. म्हणाला, "खड्डा बुजवा, ओटा बांधा, मग बोलवा."

आता त्यांना पाणी सगळ्यात जवळच्या, म्हणजे माझ्याच नळावरून न्यायचं होतं. पहिल्या दिवशी त्यांची सून हंडा घेऊन आली. ती गरीब होती, तिने माझं काही बिघडवलं नव्हतं. तिचा हंडा मी काठोकाठ भरून दिला आणि सांगितलं, "उद्यापासून तू येऊ नको. नानांना पाठव."

"मामंजींना? ते कसे येतील, अक्का?"

"पायांनी."

आले. पांढरी टोपी घालून, खांद्यावर हंडा घेऊन, आजूबाजूला न बघता आले. गल्लीतल्या बाया ओट्या-ओट्यांवर बसलेल्या होत्या; मीच त्यांना सांगून ठेवलं होतं. पाण्याला कोणाला नाही म्हणू नये म्हणतात. मी नाही म्हटलं नाही. नानांनी हंडा नळाखाली ठेवला. मी तोटी जेमतेम फिरवली, दोऱ्याएवढी धार पडेल इतकीच, आणि बाजरी निवडायला बसले.