खडी फोडणाऱ्यांचा धडा

मंडळी, आज नात कॉलेजातून कुरकुरतच आली. अर्थशास्त्राच्या जोडीला घेतलेला सार्वजनिक धोरण हा विषय तिला सोडायचाय. रटाळ आहे म्हणे. तुमच्याकडची मुलंही असंच म्हणतात का?

बहात्तरच्या दुष्काळात मी नगरला असंच काहीसं शिकत होते. तेव्हा त्याला लोकप्रशासन म्हणायचे. सुट्टीत पाथर्डीला गेले की वडिलांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायची. एकदा त्यांनी विचारलं, "पोरी, तुझ्या पुस्तकात आमच्या कामाचं काय लिवलंय?"

"काहीच न्हाई, आण्णा."

आज नातीच्या पुस्तकात त्याच कामांवर अख्खा धडा निघाला. तिच्याकडून वाचून घेतला. संपल्यावर म्हटलं, "पुन्हा वाच, जरा मोठ्यानं."

"आजी, ऐकू येत नाही का?"

"मला येतं गं. पण विचारलं आण्णांनी होतं."