एक कॉन्चेर्तो, दोन वादक

मुलुंडच्या आमच्या घरात अण्णांचं नाट्यसंगीत चाले आणि दादाचं ‘तिकडचं’. अण्णा म्हणजे माझे वडील. दादाच्या संगीताला ते ‘भांडी पडल्याचा आवाज’ म्हणत, आणि तो सुरू झाला की चपला घालून बाहेर पडत.

दादा फोर्टमधल्या एका इंग्रज कंपनीत नोकरीला होता. त्याचा साहेब कायमचा मायदेशी निघाला तेव्हा त्यानं घरातलं बरंच सामान वाटून टाकलं. दादाच्या वाट्याला पाच जड तबकड्यांचा एक अल्बम आला. एका रशियन संगीतकाराचा दुसरा पियानो कॉन्चेर्तो, आणि वाजवणारा खुद्द तो संगीतकारच.

“कॉन्चेर्तो म्हणजे काय रे?” मी विचारलं.

“एकीकडे एकटा पियानो, दुसरीकडे अख्खा वाद्यवृंद.”

“सवालजवाबासारखं?”

“तसंच समज. पण यात भांडण कमी, संसार जास्त.”

मी तेव्हा मॅट्रिक होऊन एका शाळेत शिकवायला लागले होते आणि संध्याकाळी गाणं शिकत होते. त्या तबकडीच्या सुरुवातीला पियानो एकटाच असतो. लांबच्या देवळातली घंटा कुणीतरी उचलून जवळ जवळ आणत असावं, तसे टोले वाढत जातात. मग सगळी व्हायोलिनं मिळून एक चाल उचलतात. ती चाल मला लागली ती लागलीच. तबकडीची बाजू मध्येच संपे. मी उठून ती उलटायची, फोनोला चावी द्यायची, आणि तुटलेली चाल पुढे सुरू व्हायची.

पुढे दादानं विजेवरचा प्लेअर घेतला आणि एक लाँगप्ले तबकडी आणली. कॉन्चेर्तो तोच, वाजवणारा दुसरा. त्या दिवसापासून आमच्यात जुंपली. संगीतकार स्वतः वाजवतो तेव्हा कुठे रेंगाळत नाही. आपलं दुःख आवाज न चढवता सांगणाऱ्या माणसासारखा सरळ पुढे जातो. दुसरा मात्र प्रत्येक वळणावर थांबतो, मागे बघतो.

“रडतोय नुसता,” दादा म्हणायचा. “ज्यानं लिहिलं त्याला जास्त कळतं की ह्याला?”

“बंदिश बांधणाऱ्यानंच ती सगळ्यात चांगली गायली पाहिजे असं कुठे आहे? एकदा बांधली की ती गाणाऱ्याची.”

“अगं, इथे स्वर न् स्वर लिहिलेला असतो!”

“मग दोघांचं वेगळं का वाटतं रे?”

यावर तो पुन्हा पहिली तबकडी लावी. आई आतून ओरडे, “आधी जेवून घ्या, मग भांडा.”

गावात एक संगीत मंडळ होतं. अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर, स्वतः ख्याल शिकलेले. अण्णांनी त्यांच्याकडे आमच्या भांडणाचं गाऱ्हाणं सांगितलं, तर ते म्हणाले, “मग आणा की पोरांना. ऐकू तरी काय ते.” अण्णांचा चेहरा पडला. दादानं तर हातच वर केले. “मी यंत्रं सांभाळतो. बोलायचं तू.”

“लोक हसले तर?” अण्णांनी विचारलं.

“हसू देत, अण्णा.”

मला भीती हसण्याची नव्हती, शब्दांची होती. हे सगळं मराठीत सांगायचं कसं? चार-पाच स्वर एकदम दाबले की त्याला काय म्हणायचं? दादाकडे इंग्रजी शब्द होते. मी भाजी निवडता निवडता, वह्या तपासता तपासता आपले शोधत राहिले. शेवटी ‘सुरांचा घोस’ सापडला, तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्यानं हसले.

शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. ऑफिसातून परस्पर आलेले गृहस्थ, दोन वकील, मागे काही बायका आणि दाराशी अण्णा. मी बोलायला उभी राहिले. माझी प्रस्तावना संपायच्या आत अध्यक्षांनी हात वर केला.

“मुली, यात लिहिलेलंच वाजवायचं असतं ना? मग गायकी कुठे आली? आणि तुलना कसली करायची?”

“ते तुम्हीच सांगा,” मी म्हटलं आणि दादाला खूण केली.

आधी फोनोवर संगीतकाराचे ते घंटेसारखे घोस वाजले. लगेच विजेच्या प्लेअरवर दुसऱ्याचे. मग पुढे बसलेले एक वकील म्हणाले, “पहिला बरा. उगीच नाटक नाही.” मागून एक बाई म्हणाल्या, “छे! दुसऱ्याचा शेवटचा टोला पोटात जातो.” झालं. बँकेतले एक गृहस्थ वकिलांवर उलटले, बायका पुढे सरकल्या. पुन्हा लाव, पुन्हा लाव, म्हणून दादाला बसू देईनात.

मग संथ भाग आला. त्यात एक साधी चाल आधी बासरी म्हणते, मग क्लॅरिनेट, मग पियानो. संगीतकाराची वाजवून झाली आणि दादानं लाँगप्लेवर सुई टेकवली, तोच लाइट गेले. प्लेअर घरघरत बंद पडला. कुणीतरी कंदील आणायला धावलं. चावीच्या फोनोला विजेची गरज नव्हती, पण मला जो दुसरा वादक ऐकवायचा होता तोच मुका झाला.

“आता गं?” दादा कुजबुजला.

मी जमिनीवर बसले, डोळे मिटले आणि ती चाल नुसत्या ‘आ’कारात गायले. आधी संगीतकार वाजवतो तशी, सरळ. मग दुसऱ्यासारखी, प्रत्येक स्वरावर टेकत, पुढच्या स्वराला वाट बघायला लावत. ही चाल गायची माझी ती पहिलीच वेळ. मधे आवाज जरा चिरकला, पण मी थांबले नाही.

डोळे उघडले तर कंदील आलेला होता आणि अध्यक्ष मान डोलावत होते. “म्हणजे हा विलंबितात गेला,” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले, “गायकी आहे. मी माझा प्रश्न मागे घेतो.” टाळ्या पडल्या. माझं लक्ष फक्त अण्णांकडे. ते टाळ्या वाजवत नव्हते, धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत होते.

घरी परतताना तबकड्यांचा अल्बम त्यांनी दादाला उचलू दिला नाही. छातीशी धरून चालत होते. ओळखीचं कुणी दिसलं की थांबायचे. “आज आमच्या मुलीचं व्याख्यान होतं,” म्हणायचे. समोरच्यानं विषय विचारला की मात्र गडबडायचे, मग म्हणायचे, “तिलाच विचारा. सगळं मराठीतून सांगते.”

त्यानंतर मी घाटकोपरला बोलले, भांडुपला बोलले, एका कॉलेजातही बोलले. ‘सुरांचा घोस’ हा शब्द एका अनोळखी माणसाच्या तोंडून सहज आलेला ऐकला, तेव्हा काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

पण त्या संध्याकाळी, फाटकाशी, अण्णा म्हणाले होते, “खरं सांगू? मला तो पहिलाच आवडला. दादाचाच.”

“मग मी हरले की, अण्णा.”

“हरलीस कशी? अगं, मला मत आहे, ते तुझ्यामुळे.”